वर्गातला प्रश्न रविवारी कुठे जातो?

आजचं वचन : लूक 2:41-52
सोबत वाचा : लूक 1:1-4, दानीएल 1



आजचं मनन नेहमीपेक्षा लांब आहे. लोकलमध्ये वाचत असाल तर ठाण्यापर्यंत पुरेल. आधी वचन वाचून घ्या, मग इकडे या. मी ते इथे उतरवून देत नाही. आपापलं बायबल उघडायची सवय मोडू नये म्हणून.

मागच्या रविवारी दिघाशीत उपासना संपली. आमची मंडळी छोटी आहे. एका घराच्या पुढच्या खोलीत बसतो, गर्दी झाली तर ओट्यावर सतरंजी टाकतो. मी ती सतरंजीच गुंडाळत होतो, तेवढ्यात आमच्या तरुण संघातली एक मुलगी जवळ आली. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तत्त्वज्ञान घेतलंय. दर रविवारी वचन वाचायचं काम तिच्याकडे असतं आणि ती वाचते तेव्हा मागचे आजोबासुद्धा नीट बसतात.

म्हणाली, "दादा, मार्कच्या सोळाव्या अध्यायातली शेवटची बारा वचनं सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे खरंय का? आमच्या सरांनी धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला सांगितलं. वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते."

मला उत्तर माहीत होतं. पण पाच-सहा माणसं आजूबाजूला होती, पाळकसाहेब दोन हातांवर उभे होते. मी म्हटलं, "अगं आत्ता नको, नंतर बोलू. तू प्रार्थना कर, प्रभू दाखवेल."

ती "बरं" म्हणाली आणि चपला घालून गेली. रात्री मेसेज आला : दादा, पुढच्या रविवारचं वाचन दुसऱ्या कुणाला तरी द्या.

खरं सांगतो, तो मेसेज वाचून मला झोप आली नाही. कारण हेच वाक्य पंधरा वर्षांपूर्वी मला कुणीतरी म्हटलं होतं. इंजिनिअरिंगला धर्माचा तास नसतो, पण हॉस्टेल असतं. रूम पार्टनरने दिलेली दोन पुस्तकं वाचून मी चर्चमधल्या एका वडील माणसाला एक प्रश्न विचारला. उत्तर मिळालं की असले प्रश्न म्हणजे सैतानाला दार उघडून देणं. मी दार बंद केलं, म्हणजे तोंड बंद केलं. पुढची दोन वर्षं मी ख्रिसमसला क्वायरमध्ये उभा राहून गायलो, ईस्टरला गायलो, आणि आतून कुठेच नव्हतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आवाज सुरात होता ना!

आता वचनाकडे येऊ.

येशू बारा वर्षांचा आहे. वल्हांडण सण संपवून योसेफ आणि मरीया यरुशलेमहून परत निघालेत. मुलगा मागे राहिलाय आणि त्यांना पत्ता नाही. लूक कारणही सांगतो : तो वाटेच्या सोबत्यांत असेल असं त्यांनी धरून चालवलं. असं धरून ते एक अख्खा दिवस चालले. चव्वेचाळीसावं वचन पुन्हा वाचा. हे निष्काळजी आईबाप नव्हते. दरवर्षी सणाला जाणारी, नियम पाळणारी माणसं होती. मुलगा आपल्याच लोकांत आहे, आपलीच गाणी म्हणतोय, मग विचारायचं काय?

मला वाटतं आपल्या मंडळ्या तरुणांबाबत नेमकं हेच करतात. पोरगा गिटार वाजवतोय, पोरगी वचन वाचतेय, म्हणजे बरोबर आहेत. आणि तो किंवा ती केव्हाच एक दिवसाची वाट मागे राहिलेली असते.

मग शोध सुरू होतो, तोही आधी चुकीच्या ठिकाणी. नातेवाइकांत, ओळखीच्यांत. सापडत नाही तेव्हा ते मागे फिरतात आणि तीन दिवसांनी तो मंदिरात दिसतो. काय करत असतो? चमत्कार नाही, उपदेशही नाही. गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. शेहेचाळीसाव्या वचनातला क्रम बघा, ऐकणं आधी आहे, विचारणं नंतर. (वर्गात पहिल्या पाच मिनिटांत हात वर करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे अधोरेखित करावं.) सत्तेचाळीसाव्यात त्याच्या उत्तरांचं कौतुक येतं, पण लूकने प्रश्नांची नोंद त्याआधी केली आहे. देवाचा पुत्र मंदिरात प्रश्न विचारत बसला होता, हे वाक्य मला हॉस्टेलच्या दिवसांत कुणी सांगितलं असतं तर!

आणि कुठे बसला होता? मंदिरात. आपण आज शिक्षणाची जागा वेगळी आणि उपासनेची जागा वेगळी करून टाकली आहे. सोमवार ते शुक्रवार वर्ग, रविवारी चर्च, आणि मध्ये भिवंडी-वाडा रस्ता, खड्ड्यांसकट. वर्गातला प्रश्न वर्गात ठेवायचा, चर्चमधलं आमेन चर्चमध्ये. दोन फोल्डर, एकाची फाइल दुसऱ्यात जाता कामा नये. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून सांगतो, दोन ठिकाणी ठेवलेली एकच गोष्ट कधीच एकसारखी राहत नाही. काही महिन्यांनी कुठली खरी, हे तुम्हालाच कळेनासं होतं.

ही अडचण आपल्या पिढीची आहे असं मात्र समजू नका. मराठी ख्रिस्ती माणूस पहिल्यापासून वर्ग आणि मंडळी यांच्यामध्येच उभा आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. अशा मिशन शाळांत गणित-इंग्रजीबरोबर पवित्र शास्त्राचा तास असायचा. बहुतेक विद्यार्थी तो तास बसून ऐकायचे आणि घरी जाऊन आपापल्या धर्मात राहायचे. काहींना ते जमलं नाही. बेळगावचे बाबा पदमनजी त्यातले. वर्गात मन ख्रिस्ताकडे झुकलेलं, घरात रीतसर हिंदू मुलगा, मध्येच परमहंस सभेशीही संबंध, अशी त्यांची काही वर्षं गेली. शेवटी 1854 साली बाप्तिस्मा झाला. 'अरुणोदय' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. आपल्याला 'यमुनापर्यटन' लिहिणारे म्हणून परीक्षेपुरते पदमनजी माहीत असतात, पण हा वर्गात आणि घरात वाटला गेलेला मुलगा माहीत नसतो.

पण आज मला पंडिता रमाबाईंविषयी लिहायचंय, कारण त्यांची गोष्ट उलटी आहे. त्या आधी ख्रिस्ती झाल्या आणि प्रश्न नंतर आले. आपल्यासारख्या चर्चमध्येच वाढलेल्यांचं जसं होतं तसंच.

1858 सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांच्या घरात बाईने संस्कृत शिकायचं हे ठरलेलं. भागवत पाठ. कलकत्त्यात विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं. लग्नानंतर आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली : बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान. म्हणजे आज आपण वाचतोय तेच. नवरा लवकर गेला, लहानगी मनोरमा पदरात. पुण्यात आर्य महिला समाज काढला, मग 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायचा बेत होता, पण कानाने ऐकू कमी येत होतं म्हणून तो सोडावा लागला.

पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या, शिकायला आणि संस्कृत शिकवायलाही. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील. रमाबाई जन्मल्या त्याच 1858 साली बीलबाई तिथे प्राचार्या झाल्या होत्या. त्या स्वतः श्रद्धाळू, पण विद्यार्थिनीच्या डोक्याला कुलूप लावायच्या विरुद्ध. आणि वाँटेजला होत्या सिस्टर जेराल्डिन, रमाबाईंच्या आध्यात्मिक पालक. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. म्हणजे बघा, एका बाजूला कॉलेज, एका बाजूला मंडळी, आणि मध्ये पंचविशीतली एक मराठी बाई, परक्या देशात, पदरी मूल.

त्यांचे प्रश्न किरकोळ नव्हते. त्रैक्याचा सिद्धांत चर्च ज्या शब्दांत मांडतं, तो मला शास्त्रात त्या रूपात दिसत नाही. कुमारीच्या पोटी जन्म मी कसा समजून घेऊ? अथनेशियसच्या मतांगीकारात जे शाप आहेत ते मी कसे म्हणू? शिवाय रोजच्या जगण्यातले प्रश्न : क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, आमच्या लोकांना कळतील अशी संस्कृतात का नकोत? त्या मांस खात नसत, त्यावरूनही बोलणी झाली. पुढे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाई भडकल्या. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं घालून घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी आजीबाईंना कळवून टाकलं.

मला इथे थांबायचंय. रमाबाईंनी हे कुणाला लिहिलं? कॉलेजातल्या मैत्रिणीला नाही. चर्च सोडून गेलेल्या कुणाला नाही. ज्यांनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत आणलं त्या आजीबाईंनाच लिहिलं. पत्रामागून पत्र. प्रेमाने सुरुवात, मग वाद, मग मनोरमाची चौकशी, पुन्हा वाद. वर्गातला प्रश्न त्यांनी मंडळीच्या दारात नेऊन ठेवला, आणि दार लोटलं तरी तिथेच उभ्या राहिल्या.

आणि आजीबाईंनी काय केलं? खूप गोष्टी त्यांना पटल्या नाहीत. आज्ञापालन आणि चर्चची शिकवण यावर त्या ठाम होत्या, कधीकधी फारच कडक. रमाबाईंच्या बाजूने वाचताना मला त्यांचा रागच आला होता. पण त्यांनी उत्तर देणं सोडलं नाही. मनोरमाची काळजी घेतली. आणि ही सगळी पत्रं, स्वतःवर टीका असलेलीसुद्धा, जपून ठेवली. म्हणून 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला ती पुस्तकरूपाने काढता आली, अ. भि. शहांच्या संपादनाखाली. जिच्याशी भांडण होतं तिनेच भांडणाचा कागद जपला. आमच्या मंडळीत माझ्या त्या प्रश्नाचा कागद कुणी जपला असता का, हा विचार येऊन गेला. मग लगेच मागच्या रविवारची सतरंजी आठवली आणि मी गप्प झालो.

अजून एक. बाप्तिस्मा 1883 चा. पण ख्रिस्त स्वतः आपल्याला भेटला असं रमाबाई म्हणतात ते 1891 च्या सुमाराचं. तोवर आपल्याकडे ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता, असं त्यांनी आपल्या साक्षीत स्पष्ट सांगितलंय. मध्ये आठ वर्षं गेली. या आठ वर्षांत अमेरिका झाली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहून झालं, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. म्हणजे सगळे प्रश्न सुटेपर्यंत त्या हात बांधून बसल्या नाहीत, आणि काम चाललंय म्हणून प्रश्न मिटले असंही त्यांनी भासवलं नाही. आपण मात्र पोरांना एका शिबिरात, तीन दिवसांत, पक्कं करून आणू बघतो.

आणि शेवटी ही प्रश्न विचारणारी बाई कुठे पोचली? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतरित केलं. छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. शास्त्रात हे खरंच असं लिहिलंय का, हा चेल्टनहॅमचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. मूळ भाषेत जाऊन पाहिलं.

आता परीक्षेचं बोलू, कारण मला मेसेज येतात त्यातले निम्मे याबद्दलच असतात. "दादा, पेपरमध्ये ह्यूमने चमत्कारांवर घेतलेले आक्षेप लिहा असं येतं. लिहिलं तर ख्रिस्ताला नाकारल्यासारखं होतं का?" "दादा, नव्या शैक्षणिक धोरणामुळे भारतीय ज्ञान प्रणालीचा विषय आलाय. त्यात उपनिषदं आहेत. घरचे म्हणतात त्या तासाला बसू नको."

दानीएलाचा पहिला अध्याय काढा. बाबेलात नेलेल्या चार पोरांना खास्द्यांची भाषा आणि त्यांचं वाङ्मय शिकवायचा हुकूम झाला. तीन वर्षांचा कोर्स. नावंसुद्धा बदलली, बेल्टशस्सर वगैरे. दानीएलाने कुठे नकार दिला? अभ्यासक्रमाला नाही. ताटाला दिला. तोही आरडाओरडा करून नव्हे, विनंती करून, दहा दिवसांची परीक्षा सुचवून. आणि सतरावं वचन सांगतं की त्या परक्या विद्येतली हुशारी त्यांना देवानेच दिली. मला हे वचन कॉलेजच्या गेटवर लावावंसं वाटतं.

ह्यूम काय म्हणाला ते लिहिणं म्हणजे ह्यूमवर विश्वास ठेवणं नाही. प्रश्न 'स्पष्ट करा' असा असतो, 'कबुली द्या' असा नसतो. नीट लिहा, खोटं लिहू नका, त्याची बाजू मुद्दाम लंगडी करून लिहू नका. ते शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यासारखं होईल. उपनिषदांचंही तेच. शेजारच्या घरातली माणसं कशावर जगतात हे आदराने समजून घ्या. रमाबाईंचं संस्कृत बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळलं नाही. चेल्टनहॅमला त्याच संस्कृताच्या जोरावर त्या शिकवत होत्या. पण जिथे तुम्हाला फक्त जाणून घ्यायला नाही तर हात जोडायला सांगितलं जाईल, तिथे तुमचं ताट कुठलं ते तुम्ही ठरवा. दानीएलासारखं, नम्रपणे. ही रेघ प्रत्येकाची थोडी वेगळ्या ठिकाणी असेल. माझी तुमच्यावर लादत नाही.

आता त्या मुलीचा मूळ प्रश्न. रविवारी सतरंजीपाशी द्यायला हवं होतं ते उत्तर असं.

हो, खरं आहे. चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं, सिनाय आणि व्हॅटिकन, यांत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपतं. बायका घाबरून कबरेपासून पळतात आणि बस, पान संपलं. नऊ ते वीस ही वचनं इतर अनेक जुन्या हस्तलिखितांत आहेत, म्हणून ती छापली जातात, आणि बऱ्याच आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. म्हणजे हे कुणी लपवलेलं नाही. आपणच तळटिपा वाचत नाही. सिनाय हस्तलिखिताची पानं तर आज इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ऑफिसमधलं काम बाजूला ठेवून तासभर बघत होतो. त्यात नंतरच्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या दिसतात. कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघणाऱ्या आम्हा लोकांना ते फार ओळखीचं वाटतं. फरक दिसतोय याचा अर्थ कुणीतरी जुनी प्रत सांभाळून ठेवली आहे.

मग पुनरुत्थानाचं काय? ते त्या बारा वचनांवर टांगलेलं नाही. मार्कच्याच सोळाव्या अध्यायाचं सहावं वचन वाच. कबर रिकामी आहे आणि तो उठला आहे, ही बातमी आठव्याच्या आधीच देऊन झाली आहे. आणि 1 करिंथ 15 च्या सुरुवातीला पौल ज्यांना उठलेला प्रभू दिसला त्यांची यादी देतो. ते पत्र शुभवर्तमानांच्याही आधीचं मानलं जातं, साधारण इसवी सन 55 च्या आसपासचं. मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, अशा अर्थाचं तो म्हणतो. म्हणजे ती साक्ष त्याच्याही आधीची.

आणि मत्तय व लूक यांनी मार्कचा मजकूर वापरला असावा, हेही तुला वर्गात सांगतील. घाबरू नकोस. लूकच्या पहिल्या अध्यायाची पहिली चार वचनं उघड. लूक स्वतःच म्हणतोय की माझ्या आधी पुष्कळांनी लिहायला घेतलंय, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून गोष्टी आल्या आहेत, आणि मी मुळापासून नीट शोध करून क्रमाने लिहितोय. साधनं शोधणं, तपासणं, ताडून बघणं हा शब्दव्यवहार नास्तिक प्राध्यापकांनी आणलेला नाही. शुभवर्तमानाच्या पहिल्या पानावरच आहे. पवित्र आत्मा माणसाच्या अभ्यासाला बाजूला सारून काम करतो की त्यातूनच करतो, हा प्रश्न तू तुझ्या सरांना उलट विचारू शकतेस. ऐकून घेतल्यावर.

इतकं सगळं लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कॉलेजवाले खूश आणि पाळक नाराज अशी स्थिती व्हायची. लूक 2 मंदिरात संपत नाही. एकावन्नावं वचन. बारा वर्षांचा तो मुलगा, ज्याच्या उत्तरांनी शास्त्री थक्क झाले, आईबापांबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. त्याच आईबापांच्या, ज्यांना तो काय बोलला ते कळलंसुद्धा नव्हतं. पन्नासावं वचन तेच सांगतं.

हे मला अजून जड जातं. ज्यांना माझा प्रश्न कळत नाही त्यांच्याबरोबर मी दर रविवारी का बसू? आमच्या मंडळीतल्या एका आजींना वाचता येत नाही. मार्क कुठे संपतो हा प्रश्न त्यांना कधीच पडणार नाही. पण माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री अकराला भाकरी-भाजीचा डबा घेऊन त्या पायी आल्या होत्या. हॉस्टेलच्या रूममधल्या दोन पुस्तकांपैकी एकही आलं नव्हतं. वर्ग मला विचार करायला शिकवतो, ते मला हवंच आहे. पण वर्ग संपला की घंटा होते आणि सगळे उठून जातात. मरीयेला कळलं नव्हतं तरी तिने त्या गोष्टी मनात ठेवल्या. न कळलेली गोष्ट मनात जपणारी माणसं मंडळीत असतात, फक्त ती प्रश्नोत्तराच्या वेळी हात वर करत नाहीत.

काल संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. आधी माफी मागितली. मला उत्तर माहीत होतं आणि लोकांसमोर बोलायला मी घाबरलो, असं सरळ सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "दादा, मला वाटलं तुम्हालाही माहीत नाही." मला जरा हसू आलं, जरा लाजही वाटली. मग पाऊण तास बोललो. ती येणार आहे रविवारी. वाचन मात्र करणार नाही म्हणाली, अजून नाही. मी आग्रह केला नाही. वाचन या वेळी माझ्याकडे घेतलंय, मार्क 16:1-8.

पाळकसाहेबांशीही बोललो. उपासनेनंतर अर्धा तास ओट्यावर बसायचं ठरतंय, ज्यांना कॉलेजातलं काही विचारायचंय त्यांनी विचारावं, मोठ्यांनीही बसावं. ते आधी जरा कचरले. मग म्हणाले, "मला उत्तर नाही आलं तर?" मी म्हटलं, "साहेब, मलाही नाही येणार सगळ्यांची. लिहून घेऊ." वही मी आणतोय.

तुमच्या मंडळीत असं काही चालत असेल तर मला कळवा. आणि तुमच्याकडे सतरंजी गुंडाळताना कुणी प्रश्न विचारला, तर सतरंजी खाली ठेवा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू बारा वर्षांचा असताना गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारलेस. आज जी मुलं-मुली वर्गात एकटी बसून लाजतात, त्यांच्या शेजारी बस. आम्ही एक दिवसाची वाट पुढे निघून गेलो असलो तर आम्हाला मागे फिरव. त्या मुलीला तुझं वचन पुन्हा मोठ्याने वाचावंसं वाटेपर्यंत आम्हाला धीर दे. रविवारी माझी जीभ अडखळू देऊ नकोस. आमेन.

उद्याचं वाचन : मार्क 9:14-29